संध्याकाळी सहानंतरचे विद्यार्थी

कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती २२ सप्टेंबरला साताऱ्यापासून जतपर्यंत साजरी होते. प्रभातफेऱ्या निघतात, रयत शिक्षण संस्थेच्या बोधचिन्हातला वड फलकांवर झळकतो, वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मोडलेल्या मंगळसूत्राची आठवण निघते. ती निघायलाच हवी. पण भाऊरावांच्या आयुष्यातला एक भाग जयंतीच्या भाषणांत दोन वाक्यांत उरकला जातो. संस्था काढण्याआधी हा माणूस फिरता विक्रेता होता. ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल त्यांनी गावोगाव खपवला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवले, पुढे साताऱ्याच्या कूपर कारखान्यासाठीही घाम गाळला. शाळेतले शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंतचे. जन्म १८८७ चा आणि काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली ती ४ ऑक्टोबर १९१९ ची. म्हणजे वय बत्तीस; प्रपंच मांडलेला, कमाईचा धंदा अंगवळणी पडलेला. साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले तेव्हा सदतिसावे वर्ष चालू होते. ज्या वयात माणसे ‘आता काय व्हायचे राहिले’ म्हणून गप्प बसतात, त्या वयात भाऊरावांनी आयुष्याचे काम बदलले.

या जयंतीला आम्हाला लिहायचे आहे ते अशाच बत्तिशी-पस्तिशीतल्या, चाळिशीला टेकलेल्या विद्यार्थ्यांविषयी. कूपवाडच्या किंवा तासवड्याच्या एमआयडीसीत दहा-बारा वर्षे सीएनसी मशिनवर उभा राहिलेला ऑपरेटर, ज्याला आता डिझाइन शिकायचे आहे. पतसंस्थेत वसुलीच्या नोंदी ठेवणारा लेखनिक, ज्याला वकिलीची सनद हवी आहे. ‘आशा’ म्हणून वाड्यावस्त्या पालथ्या घातलेली, गावातल्या प्रत्येक बाळंतिणीची तारीख तोंडपाठ असलेली बाई, जिला नर्स व्हायचे आहे. विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर उमेदीची वर्षे काढून अखेर संगणकाच्या अभ्यासक्रमाला नाव घालायला निघालेला मास्तर. ही माणसे प्रवेशाच्या खिडकीशी उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मुलाचं ॲडमिशन आहे का?” ‘माझंच आहे’ हे सांगताना आवाज खाली येतो. मागच्या रांगेतली पोरे बघतात. पुष्कळजण तिथूनच परत फिरतात, आणि त्यांची मोजदाद कोणाच्याच रजिस्टरात होत नाही.

जे खिडकीशी टिकतात त्यांच्यापुढे कागद येतात. बाईंच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे. मग राजपत्रातली नोंद आणा. शाळा सोडल्याचा दाखला वीस वर्षांपूर्वीचा, घडीवर फाटलेला. मग दुसरी प्रत आणा. आणि या सगळ्यांवर गॅप सर्टिफिकेट. मधली वर्षे शिक्षणात का नव्हतात, याचे प्रतिज्ञापत्र. खोटी कागदपत्रे आणि दुहेरी प्रवेश रोखायला अशी चौकशी लागते, हे आम्हाला मान्य आहे. पण त्या कागदावर माणसाची बारा वर्षांची नोकरी, दोन बाळंतपणे, सासऱ्यांचे आजारपण, सीमेवरची ड्यूटी, सगळे एका ओळीत ‘शिक्षणात खंड’ म्हणून जाते. त्या वर्षांत तो काय शिकला हे विचारणारा रकाना त्या कागदावर नसतो. प्रौढ विद्यार्थ्याला कॉलेज कसे बघते, ते या एका कागदावरून कळते.

वेळापत्रकाकडे बघितले की ते आणखी स्पष्ट होते. सातारा-सांगलीचे कामाचे वर्ष कसे चालते ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. रेठऱ्याचा कृष्णा कारखाना असो की साखराळ्याचा राजारामबापू, तीन पाळ्यांत माणसे राबतात. हंगामी कामगाराला या दिवसांत रजा म्हणजे पगारावर पाणी. तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यात ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी होते, जानेवारीपासून मार्चपर्यंत बागा उतरतात, लगेच बेदाण्याच्या शेडवर काम लागते. सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे याच दिवसांत रंगात येतात. तोलाईदार, हमाल, अडत्याकडचे कारकून, ट्रान्सपोर्टवाले, कोल्ड स्टोरेजचे कामगार, शेतावर राबणाऱ्या बाया: कोणाला मान वर करायला फुरसत नसते. आणि विद्यापीठाच्या परीक्षा कधी? हिवाळी सत्राच्या ऐन गळीत सुरू होताना, उन्हाळी सत्राच्या बेदाण्याच्या भरात. उलट जून ते सप्टेंबर हंगामी कामगार घरी असतो. पाऊस पडत असतो, कारखान्यात ऑफ सीझन असतो, हाताला काम कमी आणि डोक्याला वेळ भरपूर. वर्षातले हे चार महिने शिकण्यासाठी सर्वांत मोकळे; पण कॉलेजात तेव्हा प्रवेशाच्या फेऱ्या आणि स्वागत समारंभ चाललेले असतात, आणि खरा अभ्यास रंगात येतो तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजलेला असतो.

हे वेळापत्रक अठरा वर्षांच्या, घरचे डबे खाणाऱ्या मुलासाठी बनले आहे. त्याच्यासाठी ते ठीक आहे. पण तेच सर्वांना लागू करायचे, ही सक्ती कोणी केली? १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुलांनी शेतात राबायचे, बांधकामावर दगड-माती वाहायची आणि वर्गातही बसायचे. कामाला भाऊरावांनी कॉलेजच्या दिवसातच जागा करून दिली होती. श्रम ही शिक्षणातली अडचण आहे, असे त्यांनी कधी मानले नाही. ज्या जिल्ह्यात हा प्रयोग यशस्वी झाला तिथे कामकरी माणसासाठी मे अखेरीपासून सप्टेंबर अखेरपर्यंत सलग चालणारे, परीक्षेसह पुरे होणारे एक पावसाळी सत्र आखणे अशक्य कसे ठरेल? कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले ते याच भागाच्या गरजेतून. इथल्या शेतीचे आणि कारखान्यांचे पंचांग त्याला परके नाही.

लष्करातून परतणाऱ्यांचे थोडे वेगळे आहे, आणि साताऱ्याबद्दल लिहिताना ते टाळता येत नाही. अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते; पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. माण, खटाव, कोरेगाव, आटपाडी, खानापूरकडची कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या फौजेवर उभी आहेत. शिपाई सतराव्या-अठराव्या वर्षी भरती होतो आणि पस्तिशी-सदतिशीत पेन्शन घेऊन घरी येतो. मुले शाळेत, घराचे बांधकाम अर्धे, अंगात ताकद आणि शिस्त पुरेपूर. पुढे वीस-पंचवीस वर्षे कामाची. पंधरा वर्षे सेवा झालेल्या मॅट्रिक जवानाला गट-क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा मानण्याची तरतूद आहे. ती उपयोगाची आहे, पण तिने अर्ज भरता येतो, नवे काम हाताला येत नाही. मग ज्याने वायरलेस सेट दुरुस्त केले, हिमालयातल्या रस्त्यांवर अवजड गाड्या चालवल्या, जखमींना मलमपट्टी केली, तो बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो. ते काम कमीपणाचे नाही. पण त्याच्या हातातले कसब तिथे वाया जाते, याचे दुःख त्याच्याइतकेच आम्हालाही आहे.

आता त्यात अग्निवीरांची भर पडते. २०२२ च्या अखेरीस भरती झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. त्यांतल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्याला कायम सेवेत घेतले जाईल. उरलेले बावीस-पंचविसाव्या वर्षी सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन गावात येतील. त्यांच्यासाठी इग्नूची खास पदवी आखलेली आहे, ज्यात निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणाचे धरले जातात. कल्पना चांगली आहे. पण तो पैसा ट्रॅक्टरच्या हप्त्यात आणि बहिणीच्या लग्नात विरण्याआधी कोणीतरी त्या पोराशी नीट बोलायला हवे. मुलाला फौजेत पाठवायची तयारी करून घेणारे सैनिक स्कूल साताऱ्यात १९६१ पासून आहे, देशातले पहिले. फौजेतून परत आलेल्या माणसासाठी तेवढ्याच तोलामोलाची सोय याच शहरात उभी राहायला हवी, आणि तिला इमारतही नवी लागणार नाही.

कोणी म्हणेल, मोठेपणी शिकून काय साधते? त्याला आम्ही सागरेश्वराच्या डोंगराजवळचे देवराष्ट्रे दाखवू. या गावात कुर्लेकरांच्या घरी १८६२ मध्ये एक मुलगी जन्मली. अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. नवऱ्याने, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, शिकवायला घेतले. घरातल्या बायकांनी टोचून बोलून जीव नकोसा केला, तरी ती मराठी शिकली, मग इंग्रजी शिकली. १९०१ मध्ये वैधव्य आले. आणि १९०९ मध्ये, सत्तेचाळिशीत, रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. तिथे शिकायला आल्या त्या मोठ्या वयाच्या बाया, त्यांतल्या अनेक विधवा. स्वयंपाकघराच्या अंधारात आयुष्य काढायचे ज्यांच्या कपाळी लिहिले होते, त्या शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. परक्या पुरुषांच्या वॉर्डात काम करणे म्हणजे घराण्याला बट्टा, असे मानणाऱ्या काळात झाल्या. आज जिला नर्स व्हायचे आहे त्या ‘आशा’ताईंची वाट रमाबाईंनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाडून ठेवली आहे. आणि त्याही आधी, १८५५ मध्ये, खटाव तालुक्यातल्या कटगुणचे मूळ असलेल्या जोतीराव फुल्यांनी पुण्यात कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. त्यांच्या शेजारी उभ्या होत्या खंडाळ्याजवळच्या नायगावच्या सावित्रीबाई, ज्या लग्नानंतर अक्षर गिरवायला शिकल्या आणि मग रीतसर अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन शिक्षिका झाल्या.

याच देवराष्ट्र्यात, आजोळी, १९१३ मध्ये यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला. स्वातंत्र्य चळवळीत १९३२ मध्ये तुरुंगवास घडला, त्यामुळे मॅट्रिक व्हायला १९३४ उजाडले. कोल्हापुरात राहून १९३८ मध्ये बी.ए., पुण्यातून १९४१ मध्ये एलएल.बी. त्यांनाही आज प्रवेश घ्यायचा असता तर गॅप सर्टिफिकेट द्यावे लागले असते, आणि त्यावर तुरुंगवास लिहावा लागला असता. १ जुलै १९८९ ला राज्याचे मुक्त विद्यापीठ नाशकात स्थापन झाले, तेव्हा त्याला यशवंतरावांचे नाव दिले गेले. बारावीचा कागद नसलेल्यांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीकडे जाण्याची वाट त्या विद्यापीठाने कितीतरी वर्षे खुली ठेवली. बस कंडक्टर, पोलीस, अंगणवाडी सेविका, गिरणी बंद पडून गावी परतलेले कामगार त्या वाटेने पदवीधर झाले. ते उपकार हा महाराष्ट्र विसरणार नाही. पण मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांशी झुंजणारा विद्यार्थी बहुधा एकटा असतो. लेथवर उभे राहणे, प्रयोगशाळेत हात भाजणे, इस्पितळात रुग्णाची नाडी धरणे घरी बसून जमत नाही. करिअर बदलायचे तर बहुतेक वेळा हात बदलावे लागतात, आणि त्यासाठी कॉलेजच्या इमारतीतच शिरावे लागते.

त्या इमारतींची आपल्याकडे वाण नाही. सांगलीत विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून आहे, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून. पद्माळ्याच्या वसंतदादा पाटलांनी, ज्यांना स्वतःला फारसे शिकता आले नव्हते, १९८३ मध्ये मुख्यमंत्री म्हणून विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडले, आणि पुढच्या काळात या दोन जिल्ह्यांत जवळपास प्रत्येक तालुक्याला काही ना काही उभे राहिले. आज यांतली पुष्कळ कला-वाणिज्य कॉलेजे सकाळी भरतात आणि दुपार सरेपर्यंत ओस पडतात. वर्कशॉपला पाचनंतर कुलूप असते. अनेक शाखांच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात आणि प्राध्यापक मुले शोधत गावोगाव फिरतात. त्याच वेळी पलीकडच्या एमआयडीसीत शिकायला आसुसलेला माणूस शिफ्ट संपवून घरी जातो. या दोघांची गाठ घालून देणे हे आजचे रयतेचे काम आहे असे आम्ही मानतो.

नियम आड येतात, असे आता म्हणता येणार नाही. अभियांत्रिकीच्या कॉलेजांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे पदवी आणि पदविका वर्ग चालवण्याची मुभा एआयसीटीईने २०२३ पासून दिली आहे; अट इतकीच की कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव हवा आणि कामाचे ठिकाण कॉलेजपासून ठराविक अंतरात हवे. मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जपून ठेवणारी श्रेयांक बँक २०२१ पासून आहे, म्हणजे मध्ये पोर आजारी पडले, बदली झाली, तरी केलेला अभ्यास बुडत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याची सोय आहे. कायद्याच्या पदवीला वयाची मर्यादा घालण्याचा बार कौन्सिलचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगित केला, त्यामुळे साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजात पन्नाशीचा माणूसही उमेदीने बसू शकतो. जिथे भिंत अजून उभी आहे ती पाडायला मात्र आवाज उठवावा लागेल. जीएनएम नर्सिंगच्या प्रवेशाला पस्तिशीची मर्यादा आहे. पंधरा वर्षे गावाची दुखणीखुपणी सांभाळलेल्या ‘आशा’ताईला चाळिशीत हे दार बंद. हा नियम आम्हाला अन्यायाचा वाटतो, आणि या दोन जिल्ह्यांच्या खासदार-आमदारांनी त्याचा पाठपुरावा करावा.

जे शिकायला निघाले आहेत त्यांनाही दोन शब्द. मोबाइलवर दर तासाला एका नव्या ‘ऑनलाइन डिग्री’ची जाहिरात येते, फोनवरचा माणूस गोड बोलतो, आणि पहिल्याच बोलण्यात कर्जाचे कागद पुढे करतो. पदवी देणाऱ्या विद्यापीठाला यूजीसीची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची मान्यता त्या अभ्यासक्रमासाठी आणि त्या वर्षासाठी आहे का, हे स्वतः यूजीसीच्या यादीत बघितल्याशिवाय एक रुपया भरू नका. ज्या कामाकडे वळायचे आहे ते काम करणाऱ्या दोन माणसांना आधी गाठा. त्या कामाला पदवी लागते की वर्षभराचा आयटीआयचा कोर्स पुरतो, हे तेच खरे सांगतील. नोकरी लगेच सोडू नका. फी भरण्यासाठी पीएफ मोडण्याची वेळ आली तर घरात सगळ्यांना बसवून बोला, परस्पर मोडू नका.

घरच्यांनाही विनंती आहे. नवरा संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागला तर घर त्याला डबा बांधून देते, आणि शेजारी कौतुक करतात. बायको जाऊ लागली तर भाकरी कोण करणार, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात उभा राहतो. एसटीत तिला २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. पण परतीची शेवटची गाडी साडेआठची आणि स्टँडपासून वस्ती दोन किलोमीटर, तर त्या सवलतीचा उपयोग काय? तिला स्टँडवर घ्यायला जाणे, तिच्या परीक्षेच्या आठवड्यात चूल सांभाळणे, पोरांचा अभ्यास घेणे हे घरातल्या पुरुषांनी आपणहून करायचे आहे, आणि सासूबाईंनी त्याला दृष्ट लागू द्यायची नाही.

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्याच्याच पोटात होता; मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगलीचे नाव मिळाले. दोन्हीकडच्या प्राचार्यांना, संस्थाचालकांना आणि विद्यापीठाच्या अधिकार मंडळांना आमचे एकच मागणे आहे. पुढची कर्मवीर जयंती येण्याआधी प्रत्येक तालुक्यातल्या किमान एका कॉलेजात संध्याकाळी सहा ते नऊ आणि रविवारी दिवसभर चालणारा नोकरदारांचा एक वर्ग सुरू करा. प्रवेशाच्या खिडकीत प्रौढ विद्यार्थ्यांसाठी एक जाणता माणूस बसवा. हंगामी कामगारांसाठी पावसाळी सत्राचा प्रस्ताव विद्यापीठापुढे ठेवा. शेवटची एसटी वर्ग सुटल्यावर निघेल अशी आगाराशी बोलणी करा. आणि खिडकीशी कोणी चाळिशीचा माणूस येऊन उभा राहिला, तर मुलाचे नाव विचारू नका. त्याचे नाव लिहून घ्या.